इक्यू बंद होता

ती गाता गाता थांबली आणि म्हणाली, "अरे, माझा आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय."

तालीम चालू होती, समोर श्रोते नव्हते, आणि आवाजाच्या मिक्सरवर मी पहिल्यांदाच एकटा बसलो होतो. अगदी एकटा असंही नाही. काका मागे खुर्ची टाकून बसले होते, पण "आज तू बघ" असं सांगून त्यांनी हात काढून घेतला होता. डब्यासारखा आवाज म्हणजे साधारण चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास काहीतरी जास्त झालंय, एवढं वाचून ठेवलेलं होतं. मी तिच्या चॅनलवरचा, म्हणजे तिच्या माईकच्या पट्टीवरचा, मिडचा नॉब धरला आणि जरा डावीकडे नेला.

"आता?"

"हं, थोडं बरं."

आणखी डावीकडे नेला. शेजारचा फ्रिक्वेन्सीचा नॉब मागेपुढे करून पाहिला. मलाही ऐकू येत होतं की डब्याचं झाकण उघडतंय, आवाज मोकळा होतोय. जाता जाता ट्रेबल थोडा वाढवला. तिने एक ओळ म्हणून पाहिली आणि मान डोलावली, "आता मस्त!"

मी मागे वळून काकांकडे पाहिलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. काका उठले, माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि त्याच चॅनलवरचं एक बारकं बटण दाबलं. बटणाशेजारचा दिवा लागला आणि पुढच्याच शब्दापासून तिचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा झाला: पोकळ, टोकदार, मधलं सगळं मांस खरवडून काढलेलं.

"गेली तीन मिनिटं तू जे करत होतास ना," काका म्हणाले, "ते आत्ता सुरू झालं."

इक्यू, म्हणजे आवाजातला वरचा, मधला आणि खालचा हिस्सा वेगवेगळा कमी-जास्त करणारा भाग, बंद होता. मी फिरवलेल्या एकाही नॉबचा कशाशी संबंध नव्हता. तरी तिला फरक कळला होता, मला फरक कळला होता, आणि आम्ही दोघं मिळून एका न झालेल्या बदलावर खूश झालो होतो.

मिक्सर शिकणं म्हणजे नॉब पाठ करणं, हा माझा समज त्या दिवशी गेला. नॉब पाठ होतातच, आणि लवकर होतात. मोठा मिक्सर पाहिल्यावर धडकी भरते ती केवळ संख्येची. बत्तीस चॅनल, प्रत्येकावर वीस-पंचवीस नॉब आणि बटणं, म्हणजे सातशे-आठशेच्या घरात. पण ती एकच उभी पट्टी बत्तीस वेळा छापलेली असते. एक पट्टी वरून खाली वाचता आली की बाकीच्या एकतीस आपोआप येतात. शिवाय ती बऱ्यापैकी आवाजाच्या वाटेच्या क्रमानेच मांडलेली असते: वरच्या टोकाला माईक आत येतो, खालच्या टोकाला फेडर नावाच्या सरकपट्टीतून बाहेर पडतो. मधे जे जे लागतं ते वाटेवरचे थांबे.

पहिला थांबा गेन, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याचबद्दल. दिसायला तो व्हॉल्यूमसारखा, फिरवला की आवाज वाढतो, म्हणून माणूस त्याला व्हॉल्यूमच समजतो. त्याचं खरं काम वेगळं आहे. माईकमधून येणारा विजेचा दाब फार क्षीण असतो, कधी कधी जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट. मिक्सरच्या पोटातलं काम चालतं त्याच्या कितीतरी वरच्या पातळीवर. व्यावसायिक यंत्रांत मीटरचा काटा शून्यावर येतो तेव्हा दाब साधारण १.२३ व्होल्ट असतो. मिलिव्होल्टपासून तिथवर जायचं म्हणजे हजारपट, डेसिबलच्या भाषेत ६०. ही उडी गेन मारतो. कमी मारली तर पुढे फेडर कितीही वर ढकला, आवाजासोबत यंत्राची सूं-सूंही वर येते. जास्त मारली तर लाल दिवा लागतो, लाटेचे शेंडे कापले जातात, आणि एकदा कापलेला शेंडा पुढच्या कुठल्याही नॉबने परत उगवत नाही.

यात माणसांच्या स्वभावाचाही हिशेब धरावा लागतो. साउंड चेकला कुणीही पूर्ण जोर लावून गात नाही. "हॅलो, वन टू थ्री" हा तर माणसाचा आवाजच नसतो, तो फक्त साउंड चेकचा आवाज असतो. त्यावर गेन काठोकाठ भरून ठेवला की खरा तार षड्ज लागल्यावर लाल दिवा लागणार हे ठरलेलं. म्हणून मी "वन टू" ऐकतच नाही. सगळ्यात वरची ओळ म्हणा, सांगतो. तीही जरा हातचं राखूनच म्हटली जाते, म्हणून वर आणखी थोडी जागा सोडतो.

गेनच्या आसपास दोन-तीन बटणं असतात. त्यातलं ४८ व्होल्ट लिहिलेलं फँटम. कंडेन्सर माईकला चालायला वीज लागते, आणि ती माईकच्याच तारेतून उलट्या दिशेने पाठवली जाते. आवाजाच्या दोन्ही तारांवर सारखाच दाब असल्यामुळे वीज न लागणाऱ्या साध्या डायनॅमिक माईकला त्याचा पत्ताही लागत नाही. भुताचं नाव त्यावरूनच पडलं असावं. आकडा ४८च का? १९६६ साली नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या प्रसारण संस्थेसाठी ट्रान्झिस्टरचे माईक केले, तेव्हा तिथे आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच वापरला, आणि आज जगभरचे मिक्सर तोच आकडा वागवतात. हे बटण फेडर वर असताना दाबू नये. मी दाबलं आहे. स्पीकरमधून जो धाडकन आवाज आला, त्यानंतर बराच वेळ कुणी माझ्याशी बोललं नाही.

दुसरं बटण लो-कट. ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकणारं, फिरवायला काही नाही, फक्त दाबायचं. साऱ्या मिक्सरवर एवढ्या कमी कष्टात एवढं काम करणारं दुसरं काही नाही असं माझं मत आहे. स्टँडला लागलेला पाय, माईकवर सरकलेली बोटं, फुंकरीसारखा येणारा 'प', पंख्याची घरघर, सगळ्याचा तळ निघून जातो आणि गाणाऱ्याचं काही जात नाही. ते लागण्याचं आणखी एक कारण आहे. स्टेजवरचे बहुतेक माईक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे असतात, आणि अशा माईकच्या जितकं जवळ जावं तितका खर्ज फुगतो. वीत-दीड वीत अंतरावर जो आवाज सडसडीत वाटतो, तोच ओठ जाळीला टेकवले की भरदार होतो. रात्रीचे रेडिओ निवेदक या गुणावरच जगतात. ही गोष्ट मला तेव्हा नुसती माहीत होती. तिचा खरा उपयोग बराच पुढे कळला.

मग येतो इक्यू, म्हणजे माझ्या फजितीची जागा. साध्या मिक्सरवर तीन हिस्से: वर ट्रेबल, खाली बेस, मधे मिड. मिडला नॉब दोन, एक कुठे आणि एक किती. वाढवण्या-कमी करण्याची मुभा साधारण १५ डेसिबलपर्यंत. शिकाऊ माणसाला हमखास सांगितली जाणारी युक्ती अशी की मिड भरपूर वाढवा, फ्रिक्वेन्सी हळूहळू फिरवा, जिथे कानाला खुपेल तिथे थांबा आणि तेवढंच कापा. ही युक्ती मी वर्षभर वापरली आणि आता जवळजवळ सोडली. कारण कुठलीही फ्रिक्वेन्सी १२ डेसिबलने वाढवली की ती खुपतेच. निरोगी माणसालाही पोटात जोरात दाबून "दुखतंय का?" विचारलं तर तो हो म्हणणार. त्या वर्षातली माझी मिक्सिंग आठवली की प्रत्येक चॅनलवर चार-चार खड्डे दिसतात आणि त्या खड्ड्यांमागे एकही खरं दुखणं सापडत नाही.

काकांची पद्धत उलटी होती. आधी ऐकायचं, काय नको आहे ते तोंडाने म्हणायचं, मगच हात उचलायचा. "आवाज जाड आहे", "स टोचतोय", "शब्द मागे पडतायत". शब्द सापडला की नॉब सापडतो. जाडी बहुतेक दोनशे ते चारशे हर्ट्झमध्ये असते, टोचणारा स पाच ते आठ हजारात, शब्दांची स्पष्टता दोन ते पाच हजारात. तीन हजारांच्या आसपास आपला कान सगळ्यात हळवा असतो, कारण कानाची नळीच तिथे घुमते. तान्ह्या बाळाचं रडणं मधल्या भिंती ओलांडून येतं ते काही उगीच नाही.

आणि नॉब फिरवून झाला की तेच बारकं बटण. इक्यू आत, इक्यू बाहेर. एकदा काकांनी मला डोळे मिटून बसवलं आणि स्वतः ते बटण दाबत-सोडत राहिले. दर वेळी मी सांगायचं, चालू की बंद. फरक फक्त ३ डेसिबलचा, मीच लावलेला आणि मला अगदी ढळढळीत ऐकू येत होता तो. दहापैकी सहा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते.

डोळे कानांना काय ऐकवतील याचा नेम नसतो, हे पुढे वाचनात आलं. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी दाखवलं की कानावर 'बा' पडत असताना पडद्यावरच्या माणसाचे ओठ 'गा' म्हणत असतील, तर बऱ्याच लोकांना चक्क 'दा' ऐकू येतं. डोळे मिटले की पुन्हा 'बा'. माझ्या प्रकरणाला हा प्रयोग सरळ लागू पडत नाही. तिथे ओठ नव्हते, माझीच बोटं होती. पण आपण जे ऐकतो त्यात कानाबाहेरचंही काही मिसळलेलं असतं, एवढा धीर मला त्यातून मिळाला. आजच्या डिजिटल मिक्सरवर तर पडद्यावर इक्यूची रंगीत वळणदार रेघ दिसते. ती रेघ सुंदर करण्याच्या नादात मी आवाजाकडे पाठ फिरवल्याचे प्रसंग आहेत. कान लावायचा असेल तेव्हा मी आता पडद्यावर हात ठेवतो, अक्षरशः.

डोळ्यांनंतरची दुसरी फसवणूक मोठेपणाची. दोन आवाजांतला एक जरासा मोठा असेल तर तो आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. ट्रेबल वाढवला की एकूण आवाजही वाढतो, आणि आपण म्हणतो, वा, काय उठाव आला! त्यात कानाचा तोलही सगळ्या पातळ्यांवर सारखा नसतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज हळू असताना आपल्याला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि मोठा केला की तो भरून येतो. म्हणजे मोठ्याने वाजवून केलेलं भरदार मिक्स हळू आवाजात सुकलेलं लागतं. चूक कुणाचीच नसते. न दिसणारा एक नॉब आपल्याच डोक्यात फिरलेला असतो.

इक्यूच्या खाली ऑक्सची रांग. हे नॉब समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्यांचा परिणाम माझ्या जागेवरून ऐकूच येत नाही. ऑक्स म्हणजे त्याच आवाजाची आणखी एक प्रत, दुसरीकडे पाठवलेली: गाणाऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरला, म्हणजे मॉनिटरला, वाजवणाऱ्याच्या कानातल्या इअरफोनला, इकोच्या यंत्राला. समोर बसलेले ऐकतात ते एक मिक्स, गाणारी ऐकते ते दुसरं, तालवाला ऐकतो ते तिसरं. एकाच खोलीत एकाच वेळी तीन-चार निरनिराळे कार्यक्रम चाललेले असतात आणि ते सगळे मीच करत असतो, त्यातला एक सोडून बाकीचे न ऐकता.

इथे एक लहान बटण असतं, प्री किंवा पोस्ट. मॉनिटरची प्रत फेडरच्या आधी काढायची, म्हणजे मी समोरच्यांसाठी फेडर खाली-वर केला तरी तिच्या पायाशी काही हलत नाही. इकोची प्रत फेडरनंतर काढायची. हे उलटं झालं तर काय होतं ते एकदा ऐकण्यासारखं असतं. फेडर पूर्ण खाली ओढला, गाणारी गप्प झाली असं वाटावं, आणि तिचा प्रतिध्वनी मात्र गातोच आहे. माणूस उठून गेलाय आणि सावली खुर्चीत बसून आहे. पण गेन या सगळ्यांच्या आधी येतो, म्हणून कार्यक्रम चालू असताना गेनला हात लावला की तो सगळ्यांच्या कार्यक्रमात एकदम लागतो. समोर चिमूटभर वाढवायला जावं आणि मॉनिटरने शिट्टी मारावी, असं त्यामुळे होतं. स्पीकरमधून निघालेला आवाज माईकमध्ये परत शिरतो, पुन्हा वाढून निघतो, पुन्हा शिरतो. फेरीगणिक घटण्याऐवजी वाढायला लागला की शिट्टी.

मॉनिटरवरून होणारी भांडणं सगळीकडे सारखीच. "मला मी ऐकू येत नाहीये." मी तिला वाढवतो. मग कीबोर्डवाला म्हणतो, आता मला मी ऐकू येत नाही. त्याला वाढवतो. तीन फेऱ्यांत सगळे आरडाओरडा करत असतात आणि कुणालाच कुणी ऐकू येत नाही. तिच्या मॉनिटरमधून कीबोर्ड थोडा काढला असता तर पहिल्याच फेरीत काम झालं असतं. मात्र हे सांगून करायचं नाही. "तुझा कीबोर्ड कमी करतोय" हे वाक्य कुठल्याही वादकासमोर उच्चारण्याच्या लायकीचं नाही.

पॅनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, डावी-उजवी बाजू. म्यूट म्हणजे म्यूट. पीएफएल हे बटण मात्र मला आवडतं, कारण ते बाहेर काहीही न बिघडवता एकेका चॅनलला एकट्याला हेडफोनवर बोलावून घेतं. घरघर नेमकी कोण करतंय, माईक जिवंत आहे का, गेन किती आहे, सगळं तिथे कळतं. पण एकटा ऐकून कुणाचा इक्यू करू नये. एकटी भरदार लागणारी गिटार सगळ्यांत आल्यावर गाणाऱ्याच्या शब्दांवर बसते, आणि एकटी किरटी वाटणारी नेमकी जागच्या जागी बसते.

सगळ्यात खाली फेडर. पूर्वी इथेही गोल नॉब असत. सरकते फेडर रेकॉर्डिंगच्या मिक्सरवर आणण्याचं श्रेय अटलांटिक रेकॉर्ड्सच्या टॉम डाऊडला दिलं जातं. गोल नॉब एका हाताने एक-दोनच धरता येतात, सरकपट्ट्या मात्र दहा बोटांखाली दहा. मिक्सिंग हे वाजवण्यासारखं काम झालं ते बहुधा तिथून.

फेडरच्या शेजारची मोजपट्टी नीट पाहिली तर गंमत वाटते. शून्य तळाशी नसतं, वरून पाव-एक अंतरावर असतं, आणि तळाशी असतं अनंताचं आडवं चिन्ह. शून्य म्हणजे आवाज नाही असं नाही. वाढवलं नाही, कमी केलं नाही, आला तसा सोडला. डेसिबल हे माप नाही, तुलना आहे. ६ म्हणजे दाब दुप्पट, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. पट्टीवरच्या खुणा सारख्या अंतरावरही नसतात. शून्याच्या आसपास एकेका डेसिबलला ऐसपैस जागा, आणि खाली चाळीस, पन्नास, साठ सगळे दाटीवाटीने. म्हणून फेडर शून्याजवळ राहील असा गेन ठेवायचा. तिथे बोट सरकलं तर कुणाला कळतही नाही. तळाशी चालवायला गेलं की केसभर सरकण्याने आवाज नाहीसा होतो नाहीतर अंगावर येतो.

त्या तालमीला आता बरीच वर्षं झाली. तीच गायिका, दुसरी तालीम. आता मिक्सर माझा आणि मागची खुर्ची रिकामी. ती म्हणाली, "जरा उबदार कर ना आवाज." मी हात पुढे केला. बेसच्या नॉबवर बोटं टेकली आणि सवयीने आधी ते बारकं बटण पाहिलं. दिवा लागलेला होता. तेवढ्यात तिने गायला सुरुवात केली, आणि ओळ संपल्यावर तिथूनच अंगठा दाखवला. "हं, हेच हवं होतं!"

नॉब बाराच्या ठोक्यावर होता. मी तो हलवलाच नव्हता.

हसू आलं, आणि मग मीटरकडे लक्ष गेलं. काटा आधीच्या ओळीपेक्षा तीन डेसिबल वर डोलत होता. मी डोळे मिटून पुढची ओळ ऐकली. आवाज खरंच उबदार होता. डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. आवाज सुधारलाय या खात्रीने ती माईकच्या चार बोटं जवळ सरकली होती, खांदे सैल सोडले होते आणि मघाशी चोरलेला खालचा सूर आता मोकळेपणी लावत होती. जवळ आल्यावर खर्ज फुगतो, तो फुगला होता.

म्हणजे त्या पहिल्या दिवशीही, इक्यू बंद असताना, डबा उघडल्याचं आम्हाला जे ऐकू आलं होतं ते सगळंच खोटं होतं का? तेव्हा मी मीटर पाहिलं नव्हतं. तिच्याकडेही पाहिलं नव्हतं. माझं सगळं लक्ष नॉबकडे होतं.

"असंच ठेव," ती म्हणाली.

"ठेवतो," मी म्हणालो, आणि नॉबवरचा हात उचलला.